रविवारची कृपा सोमवारच्या कामात कशी उतरवावी

चर्चमधल्या उपासनेत देवाच्या कृपेवरचा संदेश ऐकताना डोळे भरून येतात. बुधवार उजाडेपर्यंत घरातली तीच भांडणं, वाण्याची तीच उधारी आणि तोंडात त्याच शिव्या परत आलेल्या असतात. मग माणूस स्वतःलाच विचारतो, माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, खरंच झालंय का? मंडळी मराठी असो, तेलुगू असो की कन्नड, सोलापुरात हा प्रश्न घेऊन पाळकांकडे जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना बहुधा "अजून प्रार्थना करा" एवढंच उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. कृपा आयुष्यात कुठून शिरते, कुठे अडते आणि अडली तर काय करायचं, हे नेमकं सांगता येतं. शेजारी पवित्र शास्त्र आणि एक वही ठेवा, दोन्ही लागतील.

आधी क्रम तपासा

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली दहा वचनं काढा. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे देवाने केलेल्या गोष्टी लिहा, उजवीकडे माणसाने केलेल्या. डावा रकाना भराभर भरतो: प्रेम केलं, जिवंत केलं, उठवलं, सोबत बसवलं. उजवीकडे पहिल्या तीन वचनांत अपराध, वासना आणि मेलेपण एवढंच सापडतं. आठव्या-नवव्या वचनात तारण हे दान आहे, कर्मांनी आलेलं नाही, असं स्वच्छ सांगितलंय. सत्कृत्यं येतात ती थेट दहाव्या वचनात, तारण होऊन गेल्यावर.

जुन्या करारातही हाच क्रम आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा सुरू होण्याआधी देव आठवण करून देतो, की मी तुला मिसर देशातल्या गुलामीतून बाहेर काढलं. इस्राएल लोकांनी आज्ञा पाळून सुटका मिळवली नाही. सुटलेल्या लोकांच्या हाती आज्ञा दिल्या गेल्या.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा. पाप घडल्यावर पुन्हा प्रार्थनेला बसायला मला किती वेळ लागतो? शनिवारी रात्री भांडण झालं आणि "आता कुठल्या तोंडाने देवापुढे जाऊ" म्हणता म्हणता गुरुवार आला असेल, तर मधले दिवस तुम्ही स्वतःला लायक बनवण्यात घालवलेत. म्हणजे तोंडाने कृपा म्हणत असलात तरी मनाने अजून मजुरीवर जगताय. यावर उपाय साधा आहे आणि अवघडही: त्याच रात्री बसायचं. इब्री लोकांस पत्र ४:१६ कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने यायला सांगतं, आणि तेही मदतीची गरज असताना, सगळं निस्तरून झाल्यावर नव्हे. शब्द सुचत नसतील तर एक्कावन्नावं स्तोत्र मोठ्याने वाचा. मोठ्याने म्हणण्याचं कारण असं, की मनातल्या मनात वाचलं की दोन ओळींनंतर आपण पुन्हा भांडणाकडे वळतो.

रोजच्या वाचनाबद्दल एक सूचना. दररोज नवा अध्याय उरकण्यापेक्षा एकच उतारा आठवडाभर वाचा, रोज पंधरा ते वीस मिनिटं. पहिल्या दोन दिवसांत ओळखीचे शब्द नुसते डोळ्यांखालून जातात. उतारा बोलायला लागतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. वेळ ठरवताना घराचं वेळापत्रक बघा. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि त्या सकाळी घागरी भरण्यातून कोणाचीच सुटका नसते. त्या दिवसासाठी वेगळी वेळ आधीच ठरवून ठेवा, नाहीतर तो दिवस चुकतो, मग दुसरा चुकतो आणि मग सगळंच सुटतं. यंत्रमागावर रातपाळी असणाऱ्याने पहाटेच्या प्रार्थनेचा हट्ट धरू नये. कामावरून आल्यावर, झोपण्याआधीची पंधरा मिनिटं देवाला तेवढीच चालतात.

कबुली नेमकी हवी

"प्रभू, मी पापी आहे" हे म्हणायला काहीच लागत नाही. ते सगळ्यांनाच लागू असतं, म्हणून कोणालाच बोचत नाही. कबुलीला कर्ता, कर्म आणि तारीख लागते. "दिवाळीत मिळालेल्या बोनसचा आकडा मी बायकोला खोटा सांगितला" ही कबुली आहे. "सासूच्या औषधांसाठी दिलेले पैसे मी दुसरीकडे वापरले" ही कबुली आहे.

अशी एक पानभर यादी लिहा. नियम दोनच: वाक्याचा कर्ता कायम "मी" असावा, आणि वाक्यात "पण" येऊ नये. "मी हात उचलला, पण तिने आधी तोंड सोडलं" या वाक्यात कबुली अर्धीच आहे. उरलेलं अर्धं वकिली आहे. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळ देवापुढे वाचा, योहानाच्या पहिल्या पत्रातलं १:९ हे वचन वाचा आणि पान फाडून टाका. ते पान जपून ठेवणारे पुढे स्वतःलाच छळत बसतात.

याकोबाचं पत्र ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. त्यासाठी एकच माणूस निवडा: पुरुषाने पुरुष, बाईने बाई, वयाने मोठी आणि पोटात गोष्ट राहणारी. आपल्या मंडळ्यांमध्ये निम्मे लोक एकमेकांचे नातेवाईक असतात. सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत मामेसासऱ्याच्या कानावर जातं. म्हणून घाई करू नका. उपासनेतल्या साक्षीच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहून तपशील सांगणं तर टाळाच. त्या तपशिलात दुसऱ्या कोणाचं तरी नाव असतं, आणि त्या व्यक्तीने उघडं पडायला होकार दिलेला नसतो.

परतफेड, पै-पैचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त माणसं अडखळतात, म्हणून इथे जरा थांबू या.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार होता. जक्कय ज्या झाडावर चढून बसला होता त्याखाली थांबून येशू आज तुझ्या घरी उतरणार म्हणाला, तेव्हा जक्कयने एक पैसाही परत केलेला नव्हता, करीन असंही म्हटलेलं नव्हतं. कृपा आधी घरात शिरली. त्यानंतर जक्कय उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, शिवाय ज्याला फसवलं त्याला चौपट, असं बोलला. आता नियमशास्त्र काय मागत होतं ते बघा. गणना ५:७ प्रमाणे कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. चौपट भरपाई निर्गम २२:१ मध्ये मेंढरू चोरून कापणाऱ्याला सांगितली आहे. जक्कयने स्वतःहून चोराचा दंड स्वतःला लावून घेतला. माफ झालेला माणूस किमान रक्कम शोधत बसत नाही.

तुमच्यासाठी पद्धत अशी. वहीत चार रकाने करा: कोणाचे, किती, कधीपासून, माणूस आता कुठे आहे. वाणी, रिक्षावाला, जुना मालक, भाऊ, मेहुणी, सगळे लिहा. प्रत्येक रकमेत पाचवा हिस्सा मिळवा. ५,००० रुपये असतील तर वर १,०००, एकूण ६,०००. एकदम जमत नसेल तर महिना ५०० प्रमाणे बारा हप्ते पाडा. मात्र पैसे देण्याआधी त्या माणसाला भेटून आकडा सांगा, आणि पहिला हप्ता त्याच भेटीत हातावर ठेवा. नुसतं "देतो, देतो" त्याने पूर्वी पुष्कळदा ऐकलेलं असतं.

भिशीचं उदाहरण घेऊ, कारण ते घरोघरी आहे. बारा जणांची, महिना १,००० रुपयांची भिशी. तुम्ही तिसऱ्या महिन्यात १२,००० उचलले आणि सातव्या महिन्यानंतर भरणं बंद केलं. राहिले पाच हप्ते, ५,००० रुपये. हे कोणाचे? बहुतेक ठिकाणी भिशी चालवणारी बाई बोलणी नकोत म्हणून खड्डा पदरचे पैसे घालून भरते. तेव्हा आधी तिच्याकडे जा आणि झळ कोणाला बसली ते विचारा. तिने भरले असतील तर ६,००० तिचे. तिने भरले नसतील तर ज्यांना शेवटच्या पाच महिन्यांत भिशी कमी मिळाली त्या पाच जणींचे, प्रत्येकी १,२००.

माणूस वारला असेल तर? गणना ५:८ त्याचंही उत्तर देतं: जवळच्या नातलगाला द्या, तोही नसेल तर देवाच्या कामाला द्या. घरातल्यांना न विचारता मोठी रक्कम काढू नका; नवरा-बायकोने यादी एकत्र बघावी. प्रकरण कोर्टात असेल किंवा गुन्ह्याचं असेल तर आधी वकिलाला भेटा. लपवायला नव्हे, तर परतफेड योग्य रीतीने व्हावी आणि तिसऱ्याच कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. वाण्याची उधारी सहा महिने तशीच ठेवून दानार्पणाच्या पिशवीत मोठी नोट टाकणं हे देवाला आवडणारं दान नव्हे. मार्क ७:११ मध्ये आईबापाचा हक्काचा पैसा "देवाला वाहिला" म्हणून अडवणाऱ्यांना येशूने खडसावलं होतं. आधी वाण्याचे द्या. कामगारांची मजुरी थकवणाऱ्या विश्वासणाऱ्या मालकाने याकोब ५:४ वाचावं, आणि चर्चच्या रंगकामाला देणगी जाहीर करण्याआधी पगारवाटप करावं.

क्षमा: मोठं कर्ज आणि लहान कर्ज

मत्तयच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात राजाने ज्याचं मोठं कर्ज माफ केलं तोच चाकर सोबत्याचं लहान कर्ज सोडत नाही. हा दाखला आकडे न मांडता वाचला की त्याची धार जाते. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २०:२ वरून कळतं. एक तोडा म्हणजे सुमारे ६,००० दीनार. पहिल्या चाकराचं कर्ज दहा हजार तोडे, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. त्याच्या सोबत्याचं त्याला देणं होतं शंभर दीनार, शंभर दिवसांची मजुरी. हिशोबासाठी मजुरी दिवसाला ५०० रुपये धरा: एकीकडे ३,००० कोटी, दुसरीकडे ५०,०००.

या दाखल्यावर बोलताना शंभर दीनार म्हणजे किरकोळ असं सांगायची सवय आहे. मजुराच्या घरात ५०,००० किरकोळ नसतात. तुम्हाला झालेली जखम खरी आहे, येशू ती नाकारत नाही. तो फक्त ती दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवायला सांगतो.

म्हणून क्षमेची सुरुवात आकडा लहान करण्याने करू नका. "जाऊ दे, काही नाही" म्हणून टाकलेली गोष्ट दोन वर्षांनी लग्नाच्या मांडवात बाहेर पडते. काय झालं, त्यामुळे काय गमावलं, हे पूर्ण लिहा. मग स्वतःचा सहा कोटी दिवसांचा आकडा त्याच्यावर लिहा. मग देवापुढे मोठ्याने म्हणा, की याची वसुली मी करणार नाही. वसुली म्हणजे टोमणे, अबोला, मुलांचे कान भरणं, चारचौघांत तो विषय काढणं. राग परत येईल. आला की वसुली पुन्हा सोडायची. आधीची क्षमा खोटी होती असं त्यावरून ठरवू नका.

क्षमा, समेट आणि विश्वास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा तुम्ही एकट्याने करू शकता. समेटाला समोरच्याचा पश्चात्ताप लागतो (लूक १७:३). विश्वास पुन्हा बसायला त्याचं वागणं लागतं, आणि त्याला महिने, कधी वर्षं लागतात. रोमकरांस पत्र १२:१८ मध्ये ते पत्र लिहिणारा पौलही "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तेवढं" अशी मर्यादा घालतो. भावाला मनापासून क्षमा करूनही जमिनीतला कायदेशीर हिस्सा शांतपणे मागता येतो.

नवरा मारत असेल तर "क्षमा कर आणि परत जा" असं सांगणारे वडीलधारे त्या बाईवर अन्याय करतात, आणि कृपेच्या नावावर करतात म्हणून तो जास्त गंभीर आहे. तिने आधी सुरक्षित जागी जावं. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तिच्यासाठीच आहे. क्षमेचा विचार सुरक्षित छपराखाली, तिच्या गतीने होऊ द्या.

सवयी सोडताना

तीताला पत्र २:११-१२ म्हणतं की कृपा तारण आणते आणि तीच आपल्याला अभक्तीला नाही म्हणायला शिकवते. शिकवणं म्हटलं की वेळ आला, चुका आल्या, पुन्हा करून बघणं आलं. सभेत पुढे जाऊन "आजपासून दारू बंद" अशी शपथ घेणारे बरेच जण आठवड्याभरात घसरतात, कारण शपथेमागे त्यांची जिद्द असते आणि सोबत कोणी नसतं.

दारूच्या बाबतीत एक धोका प्रत्येक मंडळीने ओळखावा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, झटके येऊ शकतात. यात जीवही जाऊ शकतो. हा सैतानाचा हल्ला समजून कोंडून प्रार्थना करत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. सोडण्याआधीच डॉक्टरांना भेटलं तर त्यासाठी औषधं मिळतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. गोळ्या घेत प्रार्थना करणं हा अविश्वास नाही.

पहिले तीन महिने पगाराच्या दिवशी त्याला एकट्याला सोडू नका. कामावरून सुटताना मंडळीतला कोणी दाराशी उभा असावा, दोघांनी चहा प्यावा, पैसे घरी पोहोचेपर्यंत सोबत यावं. मावा आणि तंबाखूसाठीही जागा आणि वेळ ओळखणं हेच निम्मं काम. तो घसरला तर लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप आठवा: घर सोडून, पैसा उधळून परतणारा मुलगा दूर असतानाच तो धावत सुटला, मुलाने पाठ केलेलं माफीचं बोलणंही त्याने पुरं होऊ दिलं नाही.

जगण्याचा हेतू कुठे शोधायचा

तारणाचा आनंद नवा असताना तरुणांना वाटतं की आता नोकरी सोडून सेवेत जायला हवं. काहींना ते बोलावणं असतंही. पण पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगतो की ज्या स्थितीत बोलावणं झालं तिथेच देवाजवळ राहा. बहुतेकांचा हेतू सध्याच्या कामातच सापडतो, फक्त ते काम वेगळ्या हातांनी व्हायला लागतं.

हे जवळून बघायचं तर विड्यांच्या कारखान्यात चला. बायका घरी पानं कापून विड्या वळतात आणि मोजून जमा करतात. चेकर खराब विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. छाट जास्त निघाली की बाईची दिवसाची कमाई तेवढी घटते. तिथे चेकर विश्वासणारा असेल तर कृपा त्याच्या बोटांत दिसली पाहिजे: खराब तेवढीच छाट काढायची, मूठभर जास्त नाही, आणि ओळखीच्या बाईला एक माप, अनोळखी बाईला दुसरं असं नाही. टॉवेलचा डझन बांधणाऱ्याने डाग पडलेला नग मधे सरकवू नये. इफिस ४:२८ चोराला सांगतं की चोरी सोड, हातांनी कष्ट कर, कशासाठी? गरजवंताला द्यायला काही असावं म्हणून. कमाईचा हेतू बदलला की कमाईची रीत बदलते.

नोकरीबाहेरच्या सेवेसाठी रोमकरांस पत्र १२:६-८ मधली सात दानं वाचा: संदेश, सेवा, शिकवणं, बोध, देणं, पुढारीपण, दया. स्वतःत कोणतं आहे हे स्वतः ठरवू नका. तुम्हाला नीट ओळखणाऱ्या तिघांना वेगवेगळं विचारा. दोघांनी एकच सांगितलं तर तीन महिने एकच लहान काम हाती घ्या, वार आणि वेळ ठरवून. गाता येत असेल तर नुसतं पुढे उभं राहण्यापेक्षा "उपासना संगीत" या भजनांच्या पुस्तकातली कवी ना. वा. टिळकांची चार पदं मुलांना चालीसकट शिकवा.

सोलापुरात एक दान फार लोकांकडे आहे आणि ते दान आहे हे त्यांना माहीत नसतं: भाषा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्ह्यातून, धाराशिवकडून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रुग्ण येतात. कन्नड किंवा तेलुगूच बोलणारी म्हातारी केसपेपरच्या रांगेत गोंधळून उभी असते. मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू येणाऱ्याने आठवड्यातून दोन तास तिथे दिले तर तिचा अख्खा दिवस वाचतो. सोबत पेन ठेवा. केसपेपर भरून द्या, कोणता वॉर्ड, कोणती खिडकी ते दाखवा, आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार आणलंय का विचारा, योजनेच्या आरोग्यमित्राकडे नेऊन सोडा. डॉक्टरांचं बोलणं भाषांतर करताना पदरचं काही घालू नका, औषधं सुचवू नका, पैसे हातात घेऊ नका. खाटेवरच्या हतबल माणसाला पत्रकं वाटणं किंवा त्याच्याकडून कसलं वचन घेणं हे तर अजिबात नाही. कोणी विचारलंच की हे का करता, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ मध्ये सांगितल्याप्रमाणे सौम्यतेने आणि आदराने दोन वाक्यांत सांगा. कृपा फुकट मिळाली आहे. तिच्या बदल्यात कोणाचा धर्म मागितला की ती कृपा उरत नाही.

वेळ लागतो, आणि काही काटे राहतात

पुण्याला जाताना गाडी दौंड सोडल्यावर केडगाववरून जाते. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलं. ते उमगायला १८९१ उजाडलं. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून विधवा आणि अनाथ मुलींना आणून त्यांनी आसरा दिला. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मनाने झाला. घरात तुम्ही एकटेच विश्वासणारे असाल तर हे लक्षात ठेवा. जोडीदाराला रोज वचनं ऐकवू नका. त्याने किंवा तिने आधी तुमचा आवाज खाली आलेला ऐकू दे, उधारी फिटलेली पाहू दे.

"कृपा असेल तर कर्ज फिटेल, आजार जाईल" असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून दूर राहा. पौलाने शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला, आणि माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं (२ करिंथ १२:८-९). टीबीच्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

उलट्या बाजूची चूकही तितकीच होते. "कृपा आहेच, मग काय बिघडतं" म्हणून तेच पाप जाणूनबुजून चालू ठेवणाऱ्याने रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय पूर्ण वाचावा. तिथे पौल दर वेळी तो युक्तिवाद तोडतो: पापाला मेलेले आपण पुढे त्यातच कसे जगणार?

बदल होतोय का हे भावनांवरून मोजू नका. तीन महिन्यांनी वहीत चार गोष्टी बघा. पाप घडल्यावर प्रार्थनेला परतण्याचा वेळ कमी झाला का? चूक दाखवली की स्वतःचा बचाव करण्याआधी ऐकून घेता का? परतफेडीच्या यादीतली किती नावं खोडली गेली? आणि घरातलं सगळ्यात लहान मूल तुम्ही दारात आलात की जवळ येतं की आत पळतं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यायला सांगा.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, रविवार जवळ आला की "मी लायक नाही" म्हणून मागच्या बाकावर बसून राहणारे बरेच असतात. करिंथच्या पहिल्या पत्रात ११:२८ मध्ये पौल स्वतःची परीक्षा करून मग भाकर खा म्हणतो. परीक्षा करून घरी बस असं म्हणत नाही. त्याचा संताप होता तो गरिबांना उपाशी ठेवून आधीच जेवून घेणाऱ्यांवर. तेव्हा परीक्षा त्या आठवड्याच्या सोमवारीच सुरू करा. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे कोणाचं तुमच्याविरुद्ध काही असेल तर गुरुवारपर्यंत त्याच्या घरी जाऊन या. शनिवार रात्रीवर ठेवलं की पाहुणे येतात किंवा वीज जाते, नाहीतर धीर सुटतो, आणि भेट पुढच्या महिन्यावर पडते.